मुंबईचे एक आद्य छायाचित्रकार : हरिश्चंद्र चिंतामण

गेल्या वर्षी ज्ञातिगृहाचा माळा साफ करण्याचे कार्यकारी मंडळाने मनावर घेतले, तेव्हा जुन्या अहवालांच्या गठ्ठ्यांखाली एक पत्र्याची पेटी निघाली. तीत जुन्या तसबिरी होत्या. कोणी पगडी-उपरण्यातील गृहस्थ खुर्चीच्या हातावर हात टेकून ताठ बसलेले. कोणी नथ व ठुशी घातलेली माउली मांडीवर मूल घेऊन बसलेली, मूल मात्र हलल्यामुळे धुरकट झालेले. कोठे तीन भाऊ एकाच धाटणीचे अंगरखे घालून उभे. तसबिरी उलटून पाहिल्या, तो बहुतेकांच्या पाठीवर छायाचित्रालयाचे नाव वेलबुट्टीसह छापलेले. ज्याची तसबीर त्याचे नाव मात्र कोठे नाही. मंडळातील वयोवृद्ध सभासदांना दाखविल्या. त्यांनी चष्मे पुसून पुन्हा पुन्हा पाहिल्या आणि शेवटी सांगितले, “आपल्यापैकीच कोणीतरी असावे.” आपल्या वाडवडिलांविषयी आपण एवढेच सांगू शकलो, याची खंत त्या दिवशी उपस्थित सर्वांस वाटली.

ज्ञातीच्या स्मरणिकेत ज्ञातीतील कर्त्या पुरुषांची चरित्रे देण्याचा प्रघात आहे, आणि तो योग्यच आहे. परंतु त्या कर्त्या पुरुषांचे चेहरे ज्यांच्यामुळे आपणांस दिसतात, त्या छायाचित्रकारांस सहसा कोणी आठवत नाही. माळ्यावरील पेटीने प्रस्तुत लेखकाचे लक्ष त्यांच्याकडे वळविले. मुंबईतील आद्य एतद्देशीय व्यावसायिक छायाचित्रकारांत ज्यांची गणना होते, त्या हरिश्चंद्र चिंतामण यांच्या कार्याचा परिचय येथे करून देण्याचे योजिले आहे. त्या परिचयातून आपल्या ज्ञातीसही काही घेण्याजोगे आहे, ते लेखाच्या शेवटी येईल.

छायाचित्रणाची विद्या 1839 साली फ्रान्समध्ये दागेर यांनी जाहीर केली आणि एक-दोन वर्षांतच तिची उपकरणे हिंदुस्थानात विक्रीस आली. दागेर यांच्या रीतीने रुप्याचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर एकच चित्र उमटे. त्याची दुसरी प्रत निघत नसे. 1851 साली आर्चर नावाच्या इंग्रज गृहस्थाने काचेवर कलोडियनचा लेप देऊन चित्र घेण्याची रीत प्रसिद्ध केली. तिच्या योगे एका काचेवरून कागदावर हव्या तितक्या प्रती काढता येऊ लागल्या आणि छायाचित्रणाचा धंदा खऱ्या अर्थाने शक्य झाला. मुंबईने ही विद्या उचलण्यात विलंब लावला नाही. 1854 साली येथे छायाचित्र मंडळ स्थापन झाले. कलकत्ता व मद्रास येथील अशी मंडळे 1856 सालची, म्हणजे या बाबतीत मुंबईच वडील ठरते. मंडळात युरोपियन अधिकाऱ्यांचा भरणा असला, तरी डॉ. भाऊ दाजी लाड यांच्यासारखे एतद्देशीय विद्वानही त्यात होते; त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी यांनी तर वैद्यकाबरोबर छायाचित्रणातही नाव मिळविले.

याच सुमारास एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये एक अभिनव प्रयोग झाला. 1855 साली तेथे डॉ. क्रॉफर्ड यांच्या हाताखाली छायाचित्रणाचा वर्ग सुरू करण्यात आला. दादाभाई नौरोजी ज्या वर्षी या संस्थेतील अध्यापकी सोडून विलायतेस गेले, तेच हे वर्ष. दोनच वर्षांपूर्वी बोरीबंदराहून ठाण्यास पहिली आगगाडी धावली होती आणि विश्वविद्यालयाची स्थापना व्हावयास अद्याप दोन वर्षे होती. नव्या विद्येच्या ओढीने चाळीस विद्यार्थी या वर्गात दाखल झाले. परंतु इतर विषयांच्या अभ्यासाचा भार मोठा. त्यापुढे हा विषय मागे पडला, हजेरी रोडावत गेली आणि पुढच्याच वर्षी वर्ग बंद करावा लागला. सरकारी दृष्टीने प्रयोग फसला, असेच म्हणावे लागेल.

पण त्या चाळिसांत हरिश्चंद्र चिंतामण हे एक विद्यार्थी होते. शिकलेली विद्या त्यांनी टाकून दिली नाही. 1856 साली त्यांची छायाचित्रे प्रदर्शनात मांडली गेली आणि पुढे त्यांनी मुंबईत स्वतःचे छायाचित्रालय थाटून 1881 पर्यंत तो व्यवसाय चालविला. इंग्रजी शिकलेल्या तरुणाने कचेरीतील चाकरी धरावी, वकिली करावी किंवा वैद्य व्हावे, ही त्या काळाची समजूत. अशा काळात ज्या धंद्यास ना परंपरा, ना प्रतिष्ठा, ज्याचे गिऱ्हाईक अजून तयार व्हावयाचे, अशा धंद्यात भांडवल व उमेद घालणे हे धाडसच होय.

हा धंदा किती कष्टाचा होता, याची आज कल्पना येणे कठीण आहे. आता खिशातील दूरध्वनीवर क्षणात चित्र निघते. त्या काळी गिऱ्हाईक खुर्चीवर बसल्यानंतर खरे काम सुरू होई. स्वच्छ घासलेल्या काचेवर कलोडियन ओतून ती चारी कोपऱ्यांकडे कलती करीत सारखा लेप द्यावयाचा. मग अंधाऱ्या खोलीत सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावात ती बुडवावयाची. ओली असतानाच कॅमेऱ्यात घालून चित्र घ्यावयाचे. आणि लेप वाळण्यापूर्वी पुन्हा अंधाऱ्या खोलीत धाव घेऊन ती सिद्ध करावयाची. एवढे सगळे काही मिनिटांत उरकावे लागे. मुंबईच्या वैशाखात लेप लवकर वाळे म्हणून आणखी घाई. वाळला की काच वाया आणि गिऱ्हाईकास पुन्हा बसविणे आले. सिल्व्हर नायट्रेटने बोटे काळी पडत व ते डाग काही केल्या लवकर जात नसत.

उजेड सारा सूर्याचा. त्यासाठी छायाचित्रालयाचे छप्पर काचेचे करीत आणि पडदे ओढून ऊन मवाळ करून घेत. पावसाळ्यात आभाळ भरून आले की बैठक लांबे. चित्र उमटण्यास कित्येक सेकंद लागत, तेवढा वेळ मान हलू नये म्हणून डोक्यामागे लोखंडी टेकू लावीत. जुन्या तसबिरींतून आपले पूर्वज एवढे गंभीर, किंबहुना थोडे रागावलेले दिसतात, त्यात स्वभावापेक्षा या टेकूचा भाग अधिक असावा. दुसरी एक मौज अशी की, कलोडियनच्या काचेस निळा रंग तेवढा चांगला कळे. तांबडा व पिवळा जवळजवळ कळतच नसे. त्यामुळे लाल पगडी काळी उमटे, सवाष्णीच्या कपाळीचे कुंकू काळे दिसे आणि गोऱ्या माणसाचा वर्णही सावळा भासे. आपल्या पणज्या सावळ्या होत्या असे तसबिरीवरून मानणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

काच तयार झाल्यावर छापण्याचे काम. अंड्याच्या पांढऱ्या भागाचा लेप दिलेला कागद रुप्याच्या क्षाराने संस्कारून काचेखाली ठेवीत आणि चौकट उन्हात मांडीत. चित्र चढले की सोन्याच्या क्षाराने त्याचा रंग सुधारीत, हायपोने ते पक्के करीत आणि नंतर तासन्‌तास स्वच्छ पाण्यात धूत. धुण्यात हयगय झाली तर चित्र काही वर्षांत पिवळे पडून विरत जाई. 1860 मध्ये विहार तलावाचे पाणी नळाने येऊ लागेपर्यंत ज्या शहराची सारी भिस्त विहिरींवर व तळ्यांवर होती, त्या शहरात हे धुणे किती जिकिरीचे असेल! शिवाय ज्या घरात अंड्यास शिवत नसत, त्या घरातही देव्हाऱ्याशेजारच्या भिंतीवर अंड्याच्या लेपाची तसबीर निवांत विराजमान झाली होती, हे ऐकून आजचे वाचक हसतील.

एवढ्या खटाटोपास गिऱ्हाईक कोठून मिळाले? त्याचे उत्तर त्या काळच्या मुंबईत आहे. 1861 ते 1865 या अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात कापसाच्या व्यापाराने येथे पैशाचा पूर आला आणि 1865 साली तो तितक्याच वेगाने ओसरला. किल्ल्याचा जुना तट पाडून शहर मोकळे करण्याचे काम याच काळातले. शेटे-सावकार, वकील, डॉक्टर, शिक्षक, पत्रकार, समाजसुधारक असा एक नवा वर्ग पुढे येत होता. पूर्वी चित्रकाराकडून तसबीर काढविणे हे राजेरजवाड्यांनी किंवा लक्षाधीशांनीच करावे. आता साध्या पोटापुरत्या मिळकतीच्या गृहस्थासही आपली छबी कागदावर पाहता येऊ लागली. 1854 साली दिसदेरी नावाच्या फ्रेंच छायाचित्रकाराने एकाच काचेवर अनेक लहान चित्रे घेण्याची युक्ती काढली होती. सुमारे चार इंच उंच व अडीच इंच रुंद पुठ्ठ्यावर डकविलेल्या या भेटपत्रवजा तसबिरी स्वस्त पडत आणि पाकिटातून परगावी धाडता येत. माळ्यावरील पेटीतल्या बहुतेक तसबिरी याच मापाच्या आहेत. हरिश्चंद्रांचे काम प्रामुख्याने व्यक्तिचित्रांचे होते आणि साहित्य, राजकारण व व्यापार या क्षेत्रांतील नामवंतांची त्यांनी घेतलेली छायाचित्रे पुष्कळ प्रसार पावली. छबी काढल्याने आयुष्य घटते, असा समज घरोघर असताना लोकांस विश्वासाने त्या खुर्चीवर बसविणे, हेही त्या काळच्या प्रत्येक छायाचित्रकाराचे एक कौशल्यच मानले पाहिजे.

येथे एका गोष्टीकडे वाचकांचे विशेष लक्ष वेधावयाचे आहे. याच काळात याच शहरात कॅमेऱ्याचा दुसराही एक उपयोग चालू होता. विल्यम जॉन्सन या मुंबईतील इंग्रज छायाचित्रकाराने मुंबईत राहणाऱ्या व येणाऱ्या जातीजमातींचे एक सचित्र पुस्तक दोन भागांत लंडनमध्ये प्रसिद्ध केले. पहिला भाग 1863 चा, गुजरात, कच्छ व काठेवाडसंबंधी. दुसरा 1866 चा, महाराष्ट्रासंबंधी. माणसे एकीकडे उभी करून चित्रे घेतलेली आणि ती कापून निराळ्याच देखाव्यावर डकवून पुन्हा छायाचित्र घेतलेले, असा त्यातील पुष्कळ चित्रांचा प्रकार आहे. पुढे 1868 ते 1875 या काळात वॉटसन व के यांनी सरकारी आश्रयाने हिंदुस्थानातील लोकांविषयीचे आठ भाग संपादिले. त्यांत साडेचारशेंहून अधिक छायाचित्रे आहेत. या ग्रंथांचे ऐतिहासिक मोल कोणी नाकारणार नाही. त्यातील पोशाख, दागिने, पगड्यांचे प्रकार हे आज संशोधकांस मोठे धन आहे. परंतु तेथे बहुतेक ठिकाणी चित्राखाली ज्ञातीचे नाव आहे, माणसाचे नाही. कॅमेऱ्यापुढे उभा राहिलेला जिवंत मनुष्य, त्याचे घर, त्याची मुलेबाळे, त्याचे सुखदुःख हे सर्व गळून जाऊन तो केवळ ज्ञातीचा नमुना म्हणून उरतो. संग्रहालयात पक्ष्याखाली चिठ्ठी असावी, तसा.

छायाचित्रालयात जाणाऱ्या गिऱ्हाइकाची गोष्ट निराळी होती. तो स्वतःच्या पायांनी जाई आणि स्वतःच्या पदरचे पैसे मोजी. कोणता अंगरखा घालावा, हाती पुस्तक धरावे की काठी, पत्नीस शेजारी बसवावे की एकट्याने बसावे, हे तो ठरवी. मी कसा दिसावा हे मी सांगणार, असा हा व्यवहार होता. हरिश्चंद्र व त्यांच्यासारखे छायाचित्रकार यांनी आपल्या समाजास दिलेली खरी देणगी हीच होय. परक्याने लावलेल्या चिठ्ठीऐवजी स्वतःच्या नावाने व स्वतःच्या मर्जीने जगापुढे बसण्याची सोय त्यांनी मध्यम स्थितीतील माणसास करून दिली. 1867 साली पॅरिस येथे भरलेल्या जागतिक प्रदर्शनात हरिश्चंद्रांची छायाचित्रे गेली. जी विद्या फ्रान्समधून आली, तीच विद्या शिकून मुंबईच्या विद्यार्थ्याने आपले काम फ्रान्समध्ये मांडावे, हा अवघ्या अठ्ठावीस वर्षांतला प्रवास अभिमानास्पद नाही असे कोण म्हणेल?

हरिश्चंद्रांची महत्त्वाकांक्षा कॅमेऱ्यापुरती राहिली नाही. बडोद्याचे मल्हारराव गायकवाड यांचे राजकीय प्रतिनिधी म्हणून ते विलायतेत होते आणि 1874 साली भगवद्‌गीतेवरील त्यांचे इंग्रजी विवेचन लंडनच्या ट्रूब्नर या प्रकाशकाने प्रसिद्ध केले. पुढच्याच वर्षी मल्हारराव पदच्युत झाले. त्याच 1875 सालच्या एप्रिलात स्वामी दयानंद सरस्वती यांनी मुंबईत आर्यसमाजाची स्थापना केली. काही काळ मुंबई आर्यसमाजाचे अध्यक्षपद हरिश्चंद्रांकडे होते, आणि न्यूयॉर्क येथील थिऑसॉफिकल सोसायटीचे कर्नल ऑल्कट व मादाम ब्लाव्हाट्स्की यांचा स्वामीजींशी पत्रव्यवहार त्यांच्याच मध्यस्थीने सुरू झाला.

यानंतरचा भाग सांगणे सुखाचे नाही. पण चरित्र म्हणजे स्तुतिपाठ नव्हे. 16 फेब्रुवारी 1879 रोजी ऑल्कट व ब्लाव्हाट्स्की मुंबईस उतरले. हरिश्चंद्रांनी त्यांची सोय गिरगाव बॅक रोडवर आपल्या काचेच्या छपराच्या छायाचित्रालयास लागून असलेल्या लहानशा घरात केली. ऑल्कट यांनी आपल्या आठवणींत लिहून ठेविले आहे की, पाहुणचार समजून ज्याचा स्वीकार केला, त्याचे भलेमोठे बिल थोड्याच दिवसांत पुढे आले. त्यात स्वागतसमारंभासाठी भाड्याने आणलेल्या तीनशे खुर्च्यांचेही पैसे होते. पुढे असेही निघाले की, आर्यसमाजासाठी म्हणून अमेरिकेहून धाडलेली सहाशे रुपयांवरची रक्कम समाजाकडे पोचलीच नव्हती. बोलाचाली झाली व संबंध तुटला. हा वृत्तांत एका पक्षाच्या लेखणीतून आलेला आहे, हे सुज्ञ वाचक ध्यानात घेतीलच. तरी त्यामुळे हरिश्चंद्रांच्या लौकिकास जो डाग लागला, तो पुसला गेला नाही. ज्यांच्या काचेवर शेकडो लोकांची प्रतिमा स्वच्छ उमटली, त्यांची स्वतःची प्रतिमा मात्र लोकांच्या मनात अशी डागाळलेली राहिली. थिऑसॉफीच्या इतिहासात ते खलपुरुषासारखे येतात, आणि छायाचित्रणाच्या इतिहासाबाहेर त्यांस कोणी ओळखत नाही.

ते छायाचित्रालय 1881 पर्यंत चालले. त्याच सुमारास कलोडियनचे युग संपत आले होते. जिलेटिनच्या कोरड्या काचा बाजारात तयार मिळू लागल्या, क्षणार्धात चित्र निघू लागले, ओली काच घेऊन अंधाऱ्या खोलीत धावण्याचे कारण उरले नाही. नंतरच्या पिढीने ही विद्या फार पुढे नेली. मुंबईतील छायाचित्र-व्यावसायिक हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावे दादा यांनी 1899 साली हँगिंग गार्डन येथील कुस्ती चलच्चित्रात टिपली. दादासाहेब फाळके यांनीही चित्रपटाकडे वळण्यापूर्वी गोध्रा येथे छायाचित्रणाचा धंदा करून पाहिला होता. एल्फिन्स्टनमधील बंद पडलेल्या वर्गापासून निघालेली वाट अशी कोठच्या कोठे गेली.

आता आपल्या माळ्यावरील पेटीकडे वळू. जॉन्सनच्या पुस्तकातील माणसांखाली ज्ञातीचे नाव आहे व व्यक्तीचे नाही, याबद्दल आपण परकीयांस बोल लावतो. पण पेटीतील त्या तसबिरींखाली आज आपण काय लिहू शकतो? “आपल्यापैकीच कोणीतरी.” म्हणजे ज्ञाती ठाऊक, नाव नाही! ज्या पूर्वजांनी पैसे मोजून, मान न हलविता, श्वास रोखून आपली स्वतंत्र ओळख त्या काचेवर ठेविली, ती आपण आपल्याच हातांनी पुसून त्यांस पुन्हा नमुना करून टाकिले. यात परकीयांचा काय दोष?

स्त्रियांच्या बाबतीत तर हा दोष आपण जाणूनबुजून केला आहे. ज्ञातीच्या जुन्या समूहचित्रांखाली पुरुषांची नावे ‘बसलेले, डावीकडून’ अशी क्रमवार छापलेली आढळतात. स्त्रियांच्या रांगेखाली ‘महिला मंडळ’ एवढेच. घरगुती तसबिरीत ‘अमुक रावसाहेब व कुटुंब’. त्या ‘कुटुंबा’स माहेरचे एक नाव होते, सासरचे एक नाव होते, आणि मांडीवरच्या त्या धुरकट मुलास पाळण्यातले नाव होते. ते सांगणारी शेवटची आजी गेली की ते कायमचे गेले. काचेवरील चित्र धुऊन पक्के करण्यास छायाचित्रकार तासन्‌तास घालवी. आपल्यास मात्र दोन ओळी लिहिण्यास फुरसत झाली नाही.

म्हणून या लेखाच्या निमित्ताने सर्व ज्ञातिबंधु-भगिनींस नम्र विनंती अशी की, येत्या दिवाळीत घरातील जुन्या तसबिरी खाली काढाव्यात, घरातील सर्वांत वडील माणसांना, विशेषतः वृद्ध स्त्रियांना, शेजारी बसवावे आणि एकेक चेहरा दाखवून नाव, गाव, नाते व आठवत असल्यास साल विचारून घ्यावे. तसबिरीच्या पाठीवर शाईने लिहू नये, ती झिरपून पुढे येते. मऊ शिसपेन्सिलीने हलक्या हाताने लिहावे. छायाचित्रालयाचे नाव छापलेले असल्यास तेही टिपून ठेवावे, कारण त्यावरून तसबिरीचा काळ पुष्कळदा ठरविता येतो, आणि त्या कारागिराचे ऋणही तेवढेच फिटते. आजच्या चित्रांसही हाच नियम लागू आहे. यंत्रात हजारो चित्रे साठली तरी ज्यास नाव नाही, ते चित्र नातवंडांच्या दृष्टीने पत्र्याच्या पेटीतलेच.

ज्ञातिगृहातील त्या तसबिरी आता दिवाणखान्यातील कपाटात मांडून ठेविल्या आहेत. वार्षिक संमेलनास येणाऱ्या प्रत्येकाने त्या अवश्य पाहाव्यात. त्यांपैकी एकास जरी कोणी नावाने हाक मारू शकले, तरी काचेच्या छपराखाली घाम गाळणाऱ्या त्या पहिल्या पिढीच्या छायाचित्रकारांचे श्रम वाया गेले नाहीत, असे समाधान आपणांस मिळेल.